कादंबरीतले बायबलचे आणि साहित्याचे संदर्भ कसे वाचावेत : नव्या वाचकासाठी

एखाद्याला आपण ‘बिभीषण’ म्हणतो तेव्हा त्याने घरातले गुपित बाहेर फोडले, एवढेच आपल्याला सांगायचे असते. पण त्या एका नावाबरोबर धाकट्या भावाने दिलेला आणि कोणी न ऐकलेला सल्ला, भर दरबारातला अपमान आणि अखेरीस त्याच भावाच्या वाट्याला आलेले लंकेचे राज्य हे सारे, बोलणाऱ्याच्या मनात नसले तरी, ऐकणाऱ्याच्या मनात जागे होऊ शकते. नाव एका कारणासाठी उच्चारले जाते आणि येते मात्र संपूर्ण गोष्ट घेऊन. चांगला कादंबरीकार ही गोष्ट ओळखून असतो. तो जुन्या ग्रंथातले नाव, वाक्य किंवा प्रसंग आपल्या कथेत ठेवतो, तेव्हा आपण त्या ग्रंथाकडे वळून पाहावे आणि परत येताना तिथले काहीतरी बरोबर आणावे, अशी त्याची अपेक्षा असते. समीक्षेत याला आंतरसंहितात्मकता असा भारदस्त शब्द आहे. या लेखात मी ‘संदर्भ’ हा साधा शब्दच वापरणार आहे.

पाश्चात्त्य कादंबरी वाचणाऱ्या मराठी वाचकाची अडचण अशी की तिथले बहुतेक संदर्भ बायबलकडे आणि त्याखालोखाल शेक्सपिअरकडे जातात, आणि यांपैकी काहीही त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेले नसते. ही उणीव भरून काढता येते, आणि त्यासाठी विद्वान असण्याची गरज नाही. पुढच्या पायऱ्या मी मुख्यतः एकाच कादंबरीच्या आधाराने सांगणार आहे : हर्मन मेलव्हिल यांची १८५१ साली प्रसिद्ध झालेली ‘मोबी-डिक’. एका पांढऱ्या देवमाशाने आपला पाय तोडला म्हणून त्याच्या सूडासाठी अख्खे जहाज आणि त्यावरची माणसे पणाला लावणाऱ्या अहाब नावाच्या कप्तानाची ही कथा आहे, आणि ती सांगतो इश्माएल नावाचा एक साधा खलाशी. संदर्भांची इतकी दाट वीण फार थोड्या कादंबऱ्यांत सापडते, त्यामुळे सरावासाठी तिच्यासारखी दुसरी जागा नाही. पुढे कथेचा शेवटही येईल; ज्यांना तो आधी कळू द्यायचा नसेल त्यांनी कादंबरी वाचून मग हा लेख हाती घ्यावा.

एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ‘हे नाव बायबलमधल्या अमक्याचे आहे’ हे समजले की नवा वाचक थांबतो आणि काम झाले असे समजतो. वास्तविक तिथे निम्मेच काम झालेले असते. मूळ गोष्ट आणि कादंबरी यांत काय जुळते हे पाहून झाल्यावर काय जुळत नाही ते शोधावे लागते, आणि माझ्या अनुभवात लेखकाला जे सांगायचे असते ते बहुतेक वेळा या न जुळणाऱ्या भागात असते.

पहिली पायरी : पहिल्या वाचनात फक्त खूण करावी

पहिल्यांदा वाचताना प्रत्येक नावापाशी थांबून शोधाशोध केली तर कथा हातून निसटते, आणि कथा निसटली की संदर्भाला अर्थ उरत नाही. म्हणून पेन्सिलीने समासात बारीक खूण करावी आणि पुढे जावे. खूण कुठे करायची, याची जाण थोड्या सरावाने येते. कथेत एखादे नाव विचित्र वाटते आणि पात्रे स्वतःच त्या नावाबद्दल बोलू लागतात. साध्या बोलण्यात अचानक जुन्या वळणाचे, भारदस्त वाक्य येते. तीन दिवस, चाळीस दिवस, सात वर्षे असे आकडे येतात. एखाद्या क्षुल्लक वस्तूवर लेखक गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो. अशा जागी खूण करावी. शीर्षक आणि आरंभीची अवतरणे यांकडे मात्र पहिल्यापासून नीट लक्ष द्यावे, कारण तिथे लेखक काहीही लपवत नसतो. ‘मोबी-डिक’च्या आरंभी देवमाशाविषयीच्या अवतरणांची लांबलचक मालिका आहे आणि तिची सुरुवात बायबलच्या पहिल्याच पुस्तकातल्या, उत्पत्तीतल्या, वचनाने होते.

दुसरी पायरी : मूळ ग्रंथ हाताशी ठेवावा

बायबल हे एक पुस्तक नसून पुस्तकांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत ६६ पुस्तके मानली जातात, जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. कॅथलिक परंपरेत ही संख्या ७३ होते. प्रत्येक पुस्तक अध्यायांत आणि अध्याय वचनांत विभागलेला असल्यामुळे ‘उत्पत्ति १६:१२’ एवढे लिहिले की जगातल्या कोणत्याही भाषेतल्या प्रतीत नेमकी जागा सापडते. सगळे बायबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मगच कादंबरीकडे वळायचे ठरवले, तर बहुतेक जण मध्येच थकतात. कादंबरीच्या वाचकाने उत्पत्ति पूर्ण वाचावे, निर्गमचे पहिले वीस अध्याय वाचावेत, मग राजांच्या पहिल्या पुस्तकाचा उत्तरार्ध, ईयोब, उपदेशक, मत्तयाचे शुभवर्तमान आणि शेवटी प्रकटीकरण, असा क्रम मला सोयीचा वाटतो. योना हे पुस्तक तर चार अध्यायांचे, अवघ्या ४८ वचनांचे आहे. ते एका बैठकीत होते आणि त्याचा उपयोग आयुष्यभर होतो.

मराठी वाचकाला इथे एक अडचण हमखास येते, ती नावांची. इंग्रजीतून आलेले उच्चार आणि मराठी पवित्र शास्त्रातली नावे वेगवेगळी आहेत. कादंबरीच्या अनुवादात ‘जॉब’, ‘रेचल’, ‘एलायजा’ किंवा ‘जोना’ असे लिहिलेले असेल, तर मराठी बायबलमध्ये त्यांना अनुक्रमे ईयोब, राहेल, एलीया आणि योना या नावांनी शोधावे लागते. मी स्वतः पहिल्या वेळी ‘जॉब’ शोधत बसलो होतो आणि ईयोबाचे पुस्तक समोर उघडे असूनही ते मला ओळखता आले नव्हते. वहीच्या शेवटच्या पानावर अशी जोड-यादी करून ठेवली तर पुढे पुष्कळ वेळ वाचतो.

दुसरी अडचण भाषांतराची. इंग्रजी कादंबरीकारांच्या कानात शतकानुशतके जे बायबल घुमत होते ते १६११ सालचे किंग जेम्स भाषांतर होय, आणि शब्दाशब्दाचा मेळ घालायचा तर त्याच्याशीच घालावा लागतो. याचे उत्तम उदाहरण देवमासाच आहे. वर उल्लेखिलेल्या उत्पत्तीच्या वचनात, १:२१ मध्ये, १६११ चे भाषांतर देवाने मोठे देवमासे निर्माण केले असे म्हणते, तर नंतरची अनेक भाषांतरे तिथे मोठे जलचर किंवा सागरातले महाकाय प्राणी असे शब्द वापरतात. योनाला गिळणारा प्राणीही जुन्या करारात नुसता ‘मोठा मासा’ आहे. त्याच भाषांतरात मत्तय १२:४० मध्ये मात्र तो देवमासा आहे. ज्याच्या हातात केवळ आधुनिक प्रत असेल त्याला मेलव्हिल यांचा देवमासा बायबलमध्ये दिसणारच नाही. म्हणून गोष्ट समजून घेण्यासाठी मराठी प्रत आणि शब्द पडताळण्यासाठी १६११ ची इंग्रजी प्रत, अशा दोन्ही जवळ असाव्यात. एखादे वाक्य ओळखीचे वाटते पण जागा आठवत नाही, अशा वेळी शब्दसूची उपयोगी पडते. अलेक्झांडर क्रूडन यांनी १७३७ साली एकट्याने तयार केलेली इंग्रजी बायबलची शब्दसूची पुढच्या अनेक पिढ्यांनी वापरली. आज तेच काम संगणकावरच्या शोधाने क्षणात होते, मात्र शोधताना शब्द जुन्या भाषांतरातलेच टाकावेत.

तिसरी पायरी : मूळ प्रसंग मागच्या-पुढच्या भागासह वाचावा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे. वचन सापडले की तेवढे एकच वचन वाचून पुस्तक मिटू नये. आधीचा आणि नंतरचा अध्यायही वाचावा, मग वहीचे पान उभे दुभागावे, डाव्या बाजूला जुळणाऱ्या गोष्टी लिहाव्यात आणि उजव्या बाजूला न जुळणाऱ्या.

पहिल्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात निवेदक सांगतो की मला इश्माएल म्हणा. माझे नाव इश्माएल आहे असे तो म्हणत नाही, त्यामुळे हे नाव त्याने स्वतःच निवडले असावे अशी शंका येते. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात इश्माएल हा अब्राहामाला हागार नावाच्या दासीपासून झालेला मुलगा. त्याच्या जन्माआधीच सांगितले जाते की तो रानटी गाढवासारखा मनुष्य होईल, त्याचा हात सर्वांविरुद्ध आणि सर्वांचा हात त्याच्याविरुद्ध राहील. एकविसाव्या अध्यायात त्या मायलेकांना घराबाहेर काढले जाते. वाळवंटात पाणी संपते, आई मुलाला झुडपाखाली ठेवून त्याचे मरण पाहवू नये म्हणून दूर जाऊन बसते, आणि तेव्हा देव मुलाचा आवाज ऐकतो व तिला विहीर दिसते. इश्माएल या नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’ असा आहे.

आता डावी बाजू भरू लागते : बेघर, परका, घराण्यातून तुटलेला, भटका. नवा वाचक इथे थांबतो. पण दहाव्या प्रकरणापर्यंत वाचत गेल्यास उजव्या बाजूची पहिली नोंद सापडते. दक्षिण समुद्रातल्या बेटावरून आलेल्या क्वीक्वेग या गोंदवलेल्या हार्पूनधाऱ्याशी (हार्पून म्हणजे देवमाशावर फेकायचा दोर बांधलेला भाला), ज्याची इश्माएलला पहिल्या रात्री भीती वाटली होती, त्याची मैत्री होते, आणि तो म्हणतो की आपले दुभंगलेले हृदय आणि पिसाट हात आता या लांडग्यासारख्या जगाविरुद्ध उगारलेले राहिले नाहीत. इथे ‘हात’ हा शब्द वाचून ज्याला उत्पत्ति १६:१२ आठवेल, त्यालाच कळेल की जन्माआधी लिहिलेले भविष्य एका परक्या माणसाच्या मायेने पुसले गेले. त्या वाक्यात बायबलचा नावानिशी उल्लेख नाही. मूळ वचन माहीत नसलेल्याला ते मैत्रीविषयीचे एक सुंदर वाक्य वाटते आणि माहीत असलेल्याला तो कादंबरीतला एक मोठा उलटफेर वाटतो. संदर्भ शिकण्याचे कष्ट का घ्यावेत असे कोणी विचारले तर मी हे एक वाक्य दाखवतो.

अहाबच्या बाबतीत हीच रीत आणखी खोल नेते. राजांच्या पहिल्या पुस्तकातला अहाब हा इस्राएलचा राजा. आपल्या आधीच्या सर्व राजांपेक्षा त्याने अधिक वाईट केले असे सोळाव्या अध्यायात म्हटले आहे. एकविसाव्या अध्यायात त्याला राजवाड्याजवळचा नाबोथचा द्राक्षमळा हवासा वाटतो, त्याची पत्नी ईजबेल खोट्या आरोपावरून नाबोथला ठार करवते आणि एलीया संदेष्टा येऊन राजाला शाप देतो. बाविसाव्या अध्यायात संदेष्ट्यांच्या तोंडी असत्याचा आत्मा बसतो, त्यांच्या आश्वासनावर विसंबून राजा रामोथ-गिलादच्या लढाईवर जातो, बाणाने मरतो आणि कुत्री त्याचे रक्त चाटतात.

डाव्या बाजूला पुष्कळ लिहिता येते : आपले नसलेले मिळवण्याचा हव्यास, भोवतालच्या माणसांचा बळी, धोक्याच्या सूचना आणि फसवे भविष्य. परंतु एकविसावा अध्याय शेवटपर्यंत वाचला तर तिथे एक अनपेक्षित गोष्ट आढळते. एलीयाचा शाप ऐकून राजा आपली वस्त्रे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो, आणि तो नम्र झाला म्हणून देव शिक्षा पुढे ढकलतो. बायबलमधला तो अत्यंत दुष्ट राजासुद्धा एकदा झुकला होता. मेलव्हिल यांचा कप्तान झुकत नाही. एकशे बत्तिसाव्या प्रकरणात त्याच्या डोळ्यांतून एक थेंब समुद्रात पडतो, बायको आणि मूल यांची आठवण निघते, क्षणभर वाटते की आता जहाज वळेल. आणि तो नजर फिरवतो. राजाच्या उपासाची ती तीन-चार वचने न वाचता हे प्रकरण वाचले तर ते करुण वाटते. वाचून पाहिल्यास ते भयंकर वाटू लागते, कारण जिथून परत फिरता येते ती जागा त्याच्या नावाच्या मूळ धन्याने वापरली होती.

चौथी पायरी : संदर्भ कोणाच्या तोंडी आहे ते पाहावे

संदर्भ लेखकाने ठेवलेला असतो, पण तो कधी निवेदकाच्या बोलण्यात येतो, कधी पात्राच्या, आणि कधी कोणालाच त्याची जाणीव नसते. हे तीन प्रकार एकत्र करू नयेत. कप्तानाचे नाव ऐकताच इश्माएल सोळाव्या प्रकरणात विचारतो की तो दुष्ट राजा मेला तेव्हा कुत्र्यांनी त्याचे रक्त चाटले होते ना. त्यावर जहाजाचा एक मालक पेलेग त्याला बाजूला घेऊन बजावतो की हे जहाजावर कधी बोलू नकोस, कप्तानाने ते नाव स्वतः घेतलेले नाही, त्याच्या वेडसर विधवा आईची ती लहर होती. म्हणजे पात्रांनाही संदर्भ ठाऊक आहे आणि तो खरा ठरू नये म्हणून ती धडपडत आहेत. एकोणिसाव्या प्रकरणातल्या एलीयाची योजना वेगळी आहे : एक फाटका माणूस वाटेत गाठून जहाजाविषयी गूढ बोलत राहतो, इश्माएल त्याला वेडा ठरवून निघतो, जाता जाता नाव विचारतो, आणि तेव्हा कुठे ते नाव आपल्याला कळते. नाव आधी कळले असते तर आपण त्याचे बोलणे गंभीरपणे ऐकले असते. लेखकाने ते मुद्दाम उशिरा दिले.

पात्राने केलेला संदर्भ नेहमी प्रामाणिक असतोच असे नाही. जहाजाचा दुसरा मालक बिल्दद क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा धर्मनिष्ठ अनुयायी आहे आणि इश्माएलला नफ्यातला किती वाटा द्यायचा हे ठरत असताना तो शुभवर्तमान वाचत बसलेला असतो. पृथ्वीवर आपल्यासाठी संपत्ती साठवू नका, या मत्तय ६:१९ मधल्या वचनाचे पुटपुटणे चालू ठेवूनच तो सातशे सत्याहत्तरावा हिस्सा सुचवतो, आणि पेलेग भांडून तो तीनशेवा करतो. मूळ इंग्रजीत ‘साठवणे’ आणि ‘नफ्यातला वाटा’ यांसाठी एकच शब्द येत असल्यामुळे वचन आणि सौदा एकमेकांत मिसळून जातात. अनुवादात ही गंमत टिकवणे जवळजवळ अशक्य आहे. इथे विचारायचा प्रश्न वचनाच्या अर्थाचा नाही. हा माणूस ते वचन कशासाठी वापरतो आहे, हा प्रश्न विचारावा.

नवव्या प्रकरणातले फादर मॅपल यांचे प्रवचन म्हणजे तर बायबलच्या गोष्टीचा कादंबरीतल्या पात्राने लावलेला अर्थच आहे. देवाची आज्ञा टाळून योना जहाजावर चढतो, वादळात समुद्रात टाकला जातो, माशाच्या पोटातून पश्चात्ताप करतो आणि मग असत्यासमोर सत्य सांगायला जातो, असा त्यांचा क्रम आहे. ज्याने ती ४८ वचने वाचली आहेत त्याला लगेच कळते की चौथा अध्याय प्रवचनात आलाच नाही. त्या अध्यायात देव निनवे शहरावर दया करतो, त्यामुळे योना रागावतो, आणि देव त्याला विचारतो की इतक्या माणसांनी आणि जनावरांनी भरलेल्या नगराची मी कीव करू नये काय. प्रवचनातला देव कठोर आज्ञा देणारा आहे; दया करणारा आणि सूडाला नकार देणारा देव त्यात नाही. पुढची सगळी कथा सूडाची आहे, हे लक्षात घेतले तर ही गाळलेली जागा मला अतिशय महत्त्वाची वाटते. उद्धृत केलेल्या भागाइतकेच लक्ष वगळलेल्या भागाकडे द्यावे, हे मी या प्रवचनापासून शिकलो.

पाचवी पायरी : साहित्यिक संदर्भ नावाऐवजी आकारातून ओळखावेत

बायबलचे संदर्भ बहुधा नावांतून आणि वचनांतून येतात, म्हणून ते शोधता येतात. साहित्याचे संदर्भ पुष्कळदा प्रसंगाच्या घडणीतून येतात आणि शब्दसूचीत सापडत नाहीत. मेलव्हिल यांनी १८४९ साली शेक्सपिअरची मोठ्या टाइपातली आवृत्ती मिळवून झपाटल्यासारखी वाचली, आणि त्या वाचनाचा ठसा या कादंबरीवर उघड दिसतो : काही प्रकरणांच्या आरंभी नाटकातल्यासारख्या रंगसूचना येतात, पात्रे एकटीच स्वगते बोलतात, आणि चाळिसावे प्रकरण तर पूर्णपणे संवादरूप आहे.

प्रसंगाच्या घडणीचे ठळक उदाहरण एकशे सतराव्या प्रकरणात आहे. अहाबचा गूढ साथीदार फेदल्ला त्याला सांगतो की मरण्यापूर्वी तुला समुद्रावर दोन शववाहने दिसतील, एक माणसाच्या हाताने न बनलेले आणि दुसरे अमेरिकेत वाढलेल्या लाकडाचे. आणि तुला मारू शकेल तो फक्त ताग. कप्तान हसतो, कारण समुद्रावर शववाहन कुठून येणार आणि तागाचा अर्थ तर फाशीचा दोर. ज्याने ‘मॅकबेथ’ पाहिले किंवा वाचले आहे त्याला चेटकिणींनी दाखवलेल्या आकृत्या आठवतील : बर्नमचे रान चालून येईपर्यंत आणि स्त्रीच्या पोटी न जन्मलेला भेटेपर्यंत तुला भय नाही. दोन्हीकडे अशक्य वाटणारी अट शब्दशः खरी होते. दोरांनी जखडलेले फेदल्लाचे प्रेत पाठीवर वाहणारा पांढरा देवमासा हे पहिले शववाहन, बुडणारे जहाज हे दुसरे, आणि हार्पूनचा तागी दोर गळ्यात अडकून कप्तान मरतो. आता उजवी बाजू : मॅकबेथला फसवणूक कळते तेव्हा तो त्या दुतोंडी शक्तींना दोष देतो आणि क्षणभर लढायलाही नकार देतो. अहाब दुसरे शववाहन ओळखतो, पण फेदल्लाला एका शब्दाने दोष देत नाही. त्याचा सगळा राग देवमाशावरच राहतो आणि तो हार्पून फेकतो. शिवाय हाच प्रसंग राजांच्या पुस्तकातल्या फसव्या संदेष्ट्यांकडेही बोट दाखवतो. एका जागी दोन ग्रंथ एकत्र येऊ शकतात, आणि त्यांतला एकच खरा मानण्याची सक्ती नसते.

कधी संदर्भ हातोहात आलेला असतो. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ मधल्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या शीर्षकातले शब्द ज्युलिया वॉर्ड हाव यांच्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या गीतातून येतात आणि त्या गीतातली प्रतिमा प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातली, देवाच्या क्रोधाच्या द्राक्षकुंडाची. इथे गीत वगळून थेट बायबल गाठणारा वाचक त्यातला लढ्याचा सूर गमावतो.

मेलव्हिल यांच्या कादंबरीत मराठी वाचकाला थांबवणारी एक जागा आहे. पंचावन्नाव्या प्रकरणात इश्माएल म्हणतो की देवमाशाचे सर्वांत प्राचीन चित्र घारापुरीच्या लेण्यात आहे आणि त्यात विष्णूचा मत्स्यावतार दाखवला आहे. ब्याऐंशीव्या प्रकरणात तो विष्णूला देवमासे मारणाऱ्यांच्या मानाच्या यादीत बसवतो. ज्याने घारापुरी पाहिली आहे त्याला ठाऊक असते की ती लेणी प्रामुख्याने शिवाची आहेत. अशी जागा सापडली म्हणून लेखकाला चुकीचा ठरवून पुढे जाऊ नये. ते प्रकरण देवमाशाची कोणतीच चित्रे कशी खरी नसतात याविषयी आहे, आणि ऐकीव माहितीवर उभे केलेले आणखी एक चित्र त्यात आपोआप सामील होते.

सहावी पायरी : कच्चे संदर्भ सोडून द्यावेत

काही आठवड्यांच्या सरावानंतर सगळीकडे संदर्भ दिसू लागतात, आणि इथे हात आवरावा लागतो. पेलेग हे नाव उत्पत्ति १०:२५ मध्ये आहे आणि त्याच्या काळात पृथ्वीची विभागणी झाली असे तिथे म्हटले आहे. यावरून जहाजाच्या मालकीची विभागणी, नफ्याचे वाटे असा अर्थ ओढून काढता येईल; पण नॅन्टकेट बेटावर बायबलमधली नावे ठेवण्याची सर्रास रीत होती हे कादंबरीच सांगते, आणि पेलेगच्या वागण्यात त्या वचनाला पुन्हा स्पर्श करणारे काही नाही. माझी कसोटी अशी आहे : संदर्भ धरून वाचल्याने कादंबरीतली निदान आणखी एक जागा उजळली तर तो ठेवावा, नाहीतर समासातली खूण पुसावी. दुःख भोगणारे प्रत्येक पात्र ख्रिस्त नसते आणि प्रत्येक बाग एदेन नसते.

नाव उलट अर्थानेही ठेवलेले असू शकते. टोनी मॉरिसन यांच्या १९७७ मधल्या ‘साँग ऑफ सॉलोमन’मध्ये एका निरक्षर बापाने मुलीसाठी बायबलमधून अक्षरांच्या आकारावरून नाव निवडले, ते निघाले पिलात, ख्रिस्ताला क्रुसावर देणाऱ्या अधिकाऱ्याचे, आणि ती स्त्री मात्र कादंबरीतली सर्वांत प्रेमळ व्यक्ती आहे. इथे नावातली कथा पात्राला लागू करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. ज्यांना ग्रंथ वाचण्याची संधीच दिली गेली नव्हती त्यांनी तो आपलासा कसा केला, हा तिथला विषय आहे.

सातवी पायरी : नोंद लिहावी

नोंद थोडक्यात असावी, पण तिच्यात प्रकरणाचा क्रमांक, मूळ ग्रंथातली जागा, संदर्भ कोणाच्या तोंडी आहे, काय जुळते व काय जुळत नाही, आणि त्यामुळे माझे वाचन कुठे बदलले, एवढे यावे. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद अजून पिकलेली नाही असे समजून बाजूला ठेवावी.

आठवी पायरी : शेवटापासून पुन्हा वाचावे

दुसरे वाचन शेवटच्या पानांपासून सुरू करण्याचा माझा आग्रह आहे, कारण पसरलेले धागे तिथे एकत्र येतात. एकशे अठ्ठाविसाव्या प्रकरणात ‘राहेल’ नावाचे जहाज भेटते. त्याच्या कप्तानाचा बारा वर्षांचा मुलगा समुद्रात हरवला आहे, आणि तुमच्यावर अशी वेळ आली असती तर मी जे करावे असे तुम्हाला वाटले असते ते माझ्यासाठी करा, अशी तो अहाबपाशी विनवणी करतो. हे मत्तय ७:१२ मधले वचनच आहे, आणि ते एका बापाच्या तोंडी आले आहे. अहाब नकार देतो. यिर्मया ३१:१५ मधली राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. हे जहाजही तसेच शोधत फिरत राहते.

उपसंहारात अहाबचे जहाज पीक्वॉड बुडाल्यानंतर क्वीक्वेगच्या शवपेटीच्या आधाराने तरंगणारा इश्माएल एकटा उरतो, आणि आपल्या हरवलेल्या लेकरांना शोधणारी राहेल त्या पोरक्याला उचलते. वाळवंटात पाण्यावाचून मरायला टेकलेल्या मुलाचे नाव घेतलेला माणूस इथे चहूकडे पाणीच पाणी असताना वाचतो. उपसंहाराच्या माथ्यावर ईयोबाच्या पहिल्या अध्यायातले वाक्य आहे : तुला हे सांगायला मी एकटाच निसटून आलो आहे. मूळ प्रसंगात हे वाक्य चार निरोपे एकामागून एक ईयोबाला सांगतात, आणि प्रत्येक जण एकेका सर्वनाशाची वार्ता आणतो. इश्माएल जर निरोप्या असेल, तर ज्याला तो हे सांगतो आहे तो, म्हणजे वाचक, ईयोबाच्या जागी बसतो. हे मला तिसऱ्या वाचनात कळले, आणि त्यानंतर पहिल्या वाक्यातली ‘मला इश्माएल म्हणा’ ही विनंती मला पूर्वीसारखी वाचता आलेली नाही.

ही कादंबरी ऑक्टोबर १८५१ मध्ये आधी लंडनमध्ये तीन खंडांत निघाली आणि त्या आवृत्तीतून उपसंहार गळला होता. तिथल्या काही समीक्षकांनी तक्रार केली की सगळे बुडाले तर ही कथा सांगतो कोण. त्यांच्या प्रतीत इश्माएल होता, अहाब होता, एलीया होता, मुलगा शोधणारे राहेल जहाजही होते. ईयोबाचे ते एक वाक्य आणि राहेलने उचललेला पोरका मात्र नव्हता.